स्लाइड रूल

स्लाइड रूल हे लॉगॅरिथमवर चालणारे, हातात धरून वापरायचे गणनसाधन आहे. पट्टीवरच्या खुणा आकड्यांच्या लॉगच्या प्रमाणात असतात. २५ सेंमीच्या पट्टीवर १ ते २ हे अंतर सुमारे ७.५ सेंमी भरते, तर ९ ते १० जेमतेम १.१ सेंमी. दोन आकड्यांच्या लॉगची बेरीज म्हणजे त्यांच्या गुणाकाराचा लॉग, त्यामुळे दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या की गुणाकार होतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम ऑट्रेड यांनी ही युक्ती काढली. मधल्या सरकत्या पट्टीची (स्लाइड) आणि काचेवर केसाएवढी रेघ असलेल्या कर्सरची रुळलेली मांडणी मात्र एकोणिसाव्या शतकातली, फ्रेंच अधिकारी आमेदे मानहाइम यांची.

२.३४ × ४१.५ करायचे असेल तर स्लाइडवरील सी पट्टीचा १ खालच्या डी पट्टीवरील २.३४ वर आणतात, कर्सर सीवरील ४.१५ वर नेतात आणि त्याच रेघेखाली डीवर ९.७१ वाचतात. दशांशचिन्ह पट्टी देत नाही. ‘दोन चोक आठ, म्हणजे ऐंशीच्या आसपास’ असा अंदाज मनात हवाच, मग उत्तर ९७.१. ३.६ × ४.२ मध्ये ४.२ पट्टीबाहेर जातो; तेव्हा सीचा डावा १ न घेता उजवा घ्यायचा.

नवशिक्यांची खरी फसगत वाचनात होते. १ ते २ मध्ये बारीक रेघ ०.०१ ची, २ ते ४ मध्ये ०.०२ ची आणि पुढे ०.०५ ची. शिवाय १ नंतरचे छोटे १ ते ९ आकडे मुख्य आकडे समजून १.५ च्या जागी ५ वाचला जातो. तीन अंक भरवशाचे, चौथा नजरेचा. बेरीज-वजाबाकी कागदावरच.

सिव्हिलवाल्यांची आवडती खूण म्हणजे सीवर १.१२८ पाशी कोरलेले छोटे ‘सी’. ते डीवरील व्यासावर ठेवले की स्लाइडवरच्या बी पट्टीच्या डाव्या १ समोर, वरच्या ए पट्टीवर (ए आणि बी या वर्गांच्या पट्ट्या) वर्तुळाचे क्षेत्रफळ येते: १२ मिमीच्या सळईला ११३ चौ. मिमी, १६ ला २०१.

लाकडी पट्टी दमट हवेत फुगते आणि स्लाइड अडकते. जोर लावू नये, कोरड्या जागी ठेवून सुकू द्यावी. खाचेत तेल घातले तर धूळ धरते, त्यापेक्षा चिमूटभर टाल्कम बरी. जपानच्या हेम्मी कंपनीने बांबू वापरला तो फारसा फुगत नाही म्हणूनच. सेल्युलॉइडचा मुलामा थिनरने किंवा ॲसिटोनने विरघळतो, म्हणून पुसायला ओलसर फडकेच. कर्सर तिरका बसला असेल तर डीवरील २ वर रेघ आणून एवर नेमका ४ येतो का पाहावे. येत नसेल तर काचेचे स्क्रू सैल करून रेघ सरळ करता येते.

१९७२ मध्ये ३९५ डॉलरचा एचपी-३५ हा खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच मोठ्या उत्पादकांनी पट्ट्या बनवणे थांबवले. ती किंमत तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची होती, पण कॅल्क्युलेटर झपाट्याने स्वस्त होत गेले.