कागद नसलेली वहिवाट

शहापूर-मुरबाडकडचे वनजमिनीचे आदिवासी दावेदार ठाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात येतात तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी असते. आत रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि घडीवर फाटत आलेल्या वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केले म्हणून आजोबांकडून वसूल केलेला दंड आज नातवाच्या बाजूने बोलतो, कारण त्या साली जमीन आजोबाच कसत होते हे सरकारनेच लिहून दिलेले असते. आदिवासींसाठी वकिली करणारी माणसे या जिल्ह्यात अशा पावत्या जुळवतच तयार झाली.

सुरुवात कोर्टात झाली नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि तिकडे उंबरगावकडचे वारलीही आले. वेठ आणि लग्नगडी हे तेव्हाचे रोजचे शब्द. लग्नापुरते कर्ज घ्यायचे आणि नवराबायकोने सावकाराकडे बहुधा जन्मभर राबायचे. वारल्यांत जाऊन राहिलेल्या किसान सभेच्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या, पण वेठ मोडली ती पाड्यापाड्यांवर वारल्यांनी एकजुटीने नकार दिल्यामुळे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले.

वेठ गेली तरी जमीन निसटत राहिली. १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले आणि आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे करण्याला बंदी झाली. गेलेली जमीन परत देणारा कायदाही १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार तपासायचे होते. या कायद्याच्या कलम ९ अ ने वकिलालाच सुनावणीत उभे राहायला मनाई केली. सावकार नामांकित वकील देईल आणि आदिवासी एकटा पडेल, ही भीती खरीच होती. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम उचलून धरले. मला हे पटते. या मनाईमुळे वकिलीचा मोठा भाग सुनावणीच्या खोलीबाहेर झाला : तलाठ्याकडून फेरफार काढणे, अर्ज लिहून देणे, साहेबांसमोर काय आणि कसे सांगायचे हे पाड्यावर बसून समजावणे.

वनजमिनीचे दुखणे याहून जुने. वनखात्याच्या दृष्टीने पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवणारा माणूस अतिक्रमण करणारा, आणि जमीन नियमित करून मागितली की पुरावा लेखी हवा. ज्याच्याकडून दंड घेतला पण पावती दिली नाही, त्याने काय दाखवायचे? आदिवासींमध्ये काम करणाऱ्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू १९८६ च्या याचिकेतून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. कागदाखेरीज इतर पुरावाही पाहा, ही दिशा त्यातून मिळाली.

२००६ च्या वनहक्क कायद्यात ती रुजली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, दावा करता येतो. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे ती मी अनेकदा वाचली आहे. घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लिहून घेतलेला जबाब. ज्या म्हाताऱ्याचे बोलणे कचेरीत कुणी ऐकून घेतले नव्हते, त्याचे बोलणे पुरावा झाले.

तरी दावे फेटाळले गेले, कित्येकदा कारण न कळवता. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले होते त्या लोकांना जमिनीवरून हटवायला सांगितले आणि २८ तारखेला स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली. मधल्या दोन आठवड्यांची धास्ती पाड्यांवर अजून बोलली जाते.

आता घाई वेगळी आहे. जबाब देऊ शकणारी माणसे थकली आहेत. म्हणून गावातले दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीबरोबर वकील शिवारात जातो. आजोबा काठीने बांध दाखवतात, हा दगड वडिलांनी रचला, तो आंबा मी लहान असताना लावला, असे सांगत पुढे चालतात. वकील उभ्या उभ्या लिहून घेतो, पुन्हा मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मग शाईची डबी उघडतो.