ऑल्टगेल्ड, जॉन पीटर

(३० डिसेंबर १८४७–१२ मार्च १९०२). अमेरिकेच्या इलिनॉय राज्याचा गव्हर्नर (१८९३–९७) व डेमोक्रॅटिक पक्षाचा सुधारणावादी नेता. जन्म जर्मनीतील नासाऊ संस्थानात नीडरझेल्टर्स येथे. तान्हा असतानाच तो आईवडिलांबरोबर ओहायोत आला. मिझूरीत काही काळ वकिली करून १८७५ मध्ये शिकागोत स्थायिक झाला. तेथे जमिनीच्या व्यवहारांत त्याने बरीच मालमत्ता केली. १८८६ ते १८९१ तो कुक कौंटीत न्यायाधीश होता. १८९२ मध्ये गव्हर्नर फायफरचा सुमारे २३,००० मतांनी पराभव करून तो निवडून आला. यादवी युद्धानंतरचा इलिनॉयचा हा पहिला डेमोक्रॅटिक गव्हर्नर.

त्याचे नाव मुख्यतः हेमार्केट खटल्याशी निगडित आहे. ४ मे १८८६ रोजी शिकागोतील हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या वेळी पोलिसांवर बाँब टाकला गेला. त्याबद्दल आठ अराज्यवादी दोषी ठरले. चौघांना फाशी झाली, एकाने तुरुंगात आत्महत्या केली. उरलेले फील्डन, श्वाब व नीबे यांना ऑल्टगेल्डने २६ जून १८९३ रोजी माफी दिली. केवळ दयाबुद्धीने दिलेली माफी लोकांनी बहुधा पचवली असती, कारण तशा अर्जांवर शिकागोतील प्रतिष्ठितांच्याही सह्या होत्या. ऑल्टगेल्डने मात्र खटलाच अन्यायाचा ठरवला. ज्यूरीची नावे नेहमीप्रमाणे पेटीतून न काढता खास नेमलेल्या बेलिफने (न्यायालयीन अधिकाऱ्याने) निवडून आणली, हा त्याचा पहिला मुद्दा. आठ आरोपींना प्रत्येकी २० याप्रमाणे १६० जणांना कारण न देता नाकारता येत होते. मुळात पूर्वग्रह असलेलीच माणसे समोर आल्याने हा अधिकार खर्ची पडला. ९८१ जणांची विचारपूस होऊनही निःपक्षपाती ज्यूरी मिळाली नाही. ‘मत बनले आहे, पण न्यायाने वागेन’ एवढ्या शपथेने पूर्वग्रह धुऊन निघत नाही, यासाठी त्याने क्रोनिन खटल्यातील (शिकागोतील एक खून खटला) ताज्या निकालाचा आधार घेतला. शिवाय बाँब टाकणारा कोण हेच सिद्ध न झाल्याने आरोपींच्या भाषणांनी तो प्रवृत्त झाला असे म्हणता येत नाही. हा खटला चालवणारे न्यायाधीश गॅरी यांच्यावरील ऑल्टगेल्डच्या टीकेमागे जुने वैयक्तिक वितुष्ट होते असे काही चरित्रकार मानतात. टीकेचा कडवटपणा त्यावरून समजतो. ज्यूरीविषयीचे मुद्दे मात्र कागदपत्रांवर उभे आहेत.

पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतून सुरू झालेल्या रेल्वे कामगारांच्या संपात (१८९४) राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत केंद्रीय फौज पाठवली. अंतर्गत दंगलीत राज्याच्या विधिमंडळाने, व त्याचे अधिवेशन बोलावता येत नसल्यास गव्हर्नरने, मागणी केल्यावर मदत द्यावी, असे संविधानाच्या अनुच्छेद ४, कलम ४ मध्ये आहे. अशी मागणी झालेली नाही आणि राज्याची मिलिशिया (नागरी सेना) सज्ज आहे, असा निषेध ऑल्टगेल्डने तारेने कळवला. क्लीव्हलंडचा आधार वेगळा होता : टपालातील अडथळा, न्यायालयीन मनाईहुकूम आणि आंतरराज्य व्यापार. सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये संपाचा नेता डेब्झ याच्या प्रकरणात केंद्राचा पक्ष उचलून धरला.

१८९३ च्या कारखाना कायद्याखाली त्याने समाजसुधारक फ्लॉरेन्स केली यांना मुख्य निरीक्षक नेमले. त्यातील स्त्रियांसाठीची आठ तासांची मर्यादा १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. १८९६ च्या पक्षाधिवेशनात त्याचे वजन मोठे होते, पण परदेशी जन्मामुळे राष्ट्राध्यक्षपद त्याला बंद होते. त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार टॅनरकडून तो गव्हर्नरपदासाठी हरला, तरी राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन याच्यापेक्षा त्याला काहीशी अधिक मते पडली. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदासाठीही तो पराभूत झाला. जॉलिएट येथे ब्रिटिशांशी लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या (डच वंशाच्या वसाहतकारांच्या) बाजूने भाषण केल्यानंतर त्याचे निधन झाले.