कॅसलमिल्क : एकाच डोंगराच्या दोन बाजू

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची दक्षिण हद्द कॅथकिन ब्रेजच्या डोंगरावर आहे. उंची सुमारे २०० मीटर, शहरातली सर्वांत उंच जागा. माथ्यावरून सगळं शहर, पलीकडच्या कॅम्पसी टेकड्या आणि हवा स्वच्छ असेल तर बेन लोमंड हा पर्वतही दिसतो. कॅसलमिल्क ही ग्लासगोची वस्ती याच डोंगराच्या उत्तर उतारावर वसली आहे. म्हणजे देखावा उत्तम. ऊन मात्र कमी आणि वारा भरपूर.

आधी ही एका जमीनदार घराण्याची जहागीर होती. १५६८च्या लँगसाइडच्या लढाईपूर्वी स्कॉटलंडची राणी मेरी इथल्या वाड्यात उतरली होती असं सांगतात. पुरावा कच्चा आहे. डोंगरमाथा १८८०च्या दशकात एका उद्योजकाने शहराला उद्यानासाठी दिला. खालची जहागीर महापालिकेने १९३८मध्ये विकत घेतली.

खरा वाद दुसऱ्या महायुद्धानंतरचा. गॉर्बल्ससारख्या दाट वस्त्यांतली हजारो कुटुंबं एकेका खोलीत राहत होती, संडास सामाईक. त्यांना हलवायचं यावर दुमत नव्हतं. कुठे, यावर होतं. महापालिकेच्या अभियंत्याचा १९४५चा आराखडा म्हणत होता, सगळ्यांना हद्दीतच घरं द्या. १९४६च्या प्रादेशिक आराखड्याचं मत उलट होतं : लाखो लोकांना शहराबाहेर नव्या नगरांत न्या. माणसं गेली की कर जाणार आणि राजकीय वजनही, म्हणून महापालिका अडून बसली. तरीही सरकारने १९४७मध्ये याच डोंगराच्या पलीकडे ईस्ट किलब्राइड हे नवं नगर जाहीर केलंच. महापालिकेने मग अलीकडचा उतार भरायला घेतला.

फरक घरांपेक्षा घरांभोवतीच्या गोष्टींत पडला. पलीकडे कारखाने आणि बाजार यांचं नियोजन घरांबरोबर झालं. अलीकडे १९५०च्या दशकापासून तीन-चार मजली इमारतींच्या रांगा भराभर उठल्या, आणि बाकीचं नंतर बघू असं ठरलं. स्वतःचं न्हाणीघर आणि गरम पाणी मिळाल्याचा पहिल्या रहिवाशांचा आनंद खोटा नव्हता. पण दुकानं अपुरी, काम दूर, शहरात जायला बसचं भाडं. पबही नाही, कारण महापालिकेच्या जमिनीवर दारूविक्रीला जुनी बंदी होती. लोकसंख्या तीस हजारांवर गेली, म्हणजे एखाद्या गावाएवढी, गावातल्या सोयी सोडून. या चुकीचं खापर पुढे रहिवाशांच्या वागण्यावर फोडलं गेलं, ते अन्यायाचं होतं.

जुना वाडा १९६९मध्ये पाडला. तबेले तेवढे उरले आणि बऱ्याच वर्षांनी दुरुस्त होऊन वापरात आले. १९८८मध्ये सरकारने पुनरुज्जीवनासाठी देशातल्या चार वस्त्या निवडल्या, त्यांत ही होती. बऱ्याच इमारती पाडल्या, काही सुधारल्या. इथल्या मिचेलहिलचे उंच निवासी मनोरे २००५मध्ये जमीनदोस्त झाले. २०१४च्या राष्ट्रकुल स्पर्धांतली माउंटन बाइक शर्यत डोंगरमाथ्यावर झाली, तिच्यासाठी तिथे खास मार्ग बांधला. खालच्या रहिवाशांना मात्र त्यानंतरही एका मोठ्या सुपरमार्केटसाठी चळवळ करावी लागली.