गाडी गरम होत नाही, ही पण तक्रारच आहे!

मागच्या डिसेंबरात पहाटे पाचला नाशिकहून मुंबईला निघालो होतो, कसारा घाट उतरताना बायकोने हीटर लावला आणि दहा मिनिटांनी म्हणाली, अहो यातून गारच हवा येतेय. त्याआधी दोन महिने गाडीचं ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलेलं आणि मी रोज वेगळ्या पेट्रोल पंपाला शिव्या घालत होतो. परत आल्यावर मेकॅनिककडे गेलो तर तो हसायलाच लागला, साहेब लोक गाडी हीट होते म्हणून येतात, तुम्ही हीट होत नाही म्हणून आलात! मग म्हणाला थर्मोस्टॅट वॉल (म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनचं तापमान सांभाळणारी झडप) गेला असेल, काढून टाकू, आपल्याकडे लागतच नाही तो, थंडीच्या देशातल्या गाड्यांना लागतो.

हे शेवटचं वाक्य मी आजवर किमान दहा जणांकडून ऐकलंय, आणि ते साफ चुकीचं आहे.

आधी थोडक्यात, इंजिनला गरम राहायची हौस का असते. पेट्रोल थंड धातूवर नीट वाफ होत नाही, थेंबांच्या रूपात सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं आणि ऑइल पातळ करतं. दुसरं म्हणजे पाणी. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, खोटं वाटत असेल तर शाळेतलं ऑक्टेनच्या ज्वलनाचं समीकरण मांडून बघा. यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं पण थोडं पिस्टनच्या बाजूने खाली उतरतं, इंजिन तापलेलं असेल तर ऑइलमधून उडून जातं, नसेल तर तिथेच राहतं. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून साय लागल्यासारखं पिवळट दिसतं ना, ते हेच. (तसं दिसलं की लोक लगेच इंजिनच्या दोन भागांमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं म्हणून घाबरतात, नेहमी तसं नसतं.) आणि तिसरं, गाडीचा कॉम्प्युटर बघतो की इंजिन अजून थंड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त सोडलं पाहिजे, आणि सोडत राहतो. माझे ते तीन किलोमीटर बरेचसे इथेच गेले होते, पंपवाल्यांची माफी.

म्हणजे बाहेर नाशिकची थंडी असो नाहीतर नागपूरचा मे महिना, इंजिनमधलं कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) ८५-९५ अंशांच्या आसपासच हवं. हे काम करतो तो थर्मोस्टॅट, इंजिन थंड असताना तो मिटलेला असतो आणि कूलंट इंजिनमध्येच फिरतं, तापलं की उघडतो आणि कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्यावर गार होतं. बॅटरी नाही, वायर नाही, चिप नाही, लिंबाएवढी पितळी-स्टीलची वस्तू, आणि तिच्या पोटात चक्क मेण!

मी या मेणाच्या प्रेमात आहे त्यामुळे इथे जरा वेळ जाणार.

घरी कधी मेणबत्त्या केल्या असतील तर आठवा, साच्यात काठोकाठ मेण ओतलं तरी गार झाल्यावर मधोमध खड्डा पडतो. म्हणजे मेण घट्ट होताना आकसतं आणि उलट वितळताना फुगतं, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत. (पाणी याच्या बरोब्बर उलटं वागतं, म्हणून फ्रीझरमधली बाटली फुटते.) आता हे मेण एका छोट्या पितळी वाटीत गच्च भरायचं, त्यात रबरी नळी आणि नळीत एक पिन बसवायची. मेण वितळलं की फुगायला जागा हवी, वाटी तर बंद, मग ते रबराला दाबतं आणि रबर पिनला बाहेर ढकलतं, भिजलेल्या बोटांतून साबणाची वडी निसटते तसं. पिनचं टोक चौकटीत अडकलेलं असल्यामुळे पिन हलत नाही, वाटीच खाली सरकते आणि तिच्याबरोबर झडप उघडते. पूर्ण उघडली तरी सात-आठ मिलिमीटरच. कूलंट गार झालं की मेण परत गोठतं आणि स्प्रिंग झडप लावून टाकते. मेण उष्णता हळू पोचवतं म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात, नाहीतर वाटीच्या मध्यापर्यंत बातमी पोचेपर्यंत इंजिन उकळेल.

पण मग ते ८२ किंवा ८८ अंशालाच कसं उघडतं? तर मेण म्हणजे कार्बनच्या लांब सरळ साखळ्या. २० कार्बनची साखळी ३७ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवली तरी पाणी होईल, ३० कार्बनची ६६ ला आणि ४० ची ८२ च्या जवळपास. साखळी लांब झाली की शेजारच्या साखळीला जास्त ठिकाणी चिकटते म्हणून सोडवायला जास्त उष्णता लागते, पण बघा पहिल्या १० कार्बनांनी २९ अंश वाढले आणि पुढच्या १० नी फक्त १६. तेव्हा कुठल्या लांबीच्या साखळ्या किती मिसळायच्या यावर वॉल कधी उघडायला लागेल आणि किती अंशांत पूर्ण उघडेल हे ठरतं. एकच एक साखळी घेतली तर तो खटकन उघडेल-मिटेल आणि तापमान झोके खात राहील, मिश्रण असलं की दहा-बारा अंशांत हळूहळू उघडतो. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर सोडून द्या, खड्डा पडलेली मेणबत्ती तेवढी लक्षात ठेवा.

मेणाच्या आधी वॉलमध्ये पितळेचा पातळ भाता असायचा, त्यात ईथर किंवा अल्कोहोल, ते उकळलं की भाता लांबणार. पण भात्याला तापमान कळतं तसा बाहेरचा दाबही जाणवतो, आणि रेडिएटरला दाबाचं झाकण आलं तसा भाता उघडायला कुरकुर करायला लागला. मेणाला या दाबाचं काहीच वाटत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी ही मेणाची युक्ती गाड्यांसाठी बसवली आणि आजही तुमच्या-माझ्या बोनेटखाली जवळपास तीच आहे.

आता निदान. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो म्हणजे लोक उगाच घाबरत नाहीत, आणि छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा दिवा, तो इंजिन पुरतं तापायच्या खूप आधीच विझतो. सरळ एक ब्लूटूथ स्कॅनर घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मोबाईलवर कूलंटचा आकडा बघा. (त्याच सॉकेटला लावायची 'मायलेज वाढवणारी चिप' पण मिळते, आत एलईडी लुकलुकण्यापलीकडे काही नसतं, घेऊ नका. आणि रेडिएटरसमोर टांगलेल्या लिंबू-मिरचीचा इंजिनच्या तब्येतीशी संबंध एवढाच की ती हवेच्या वाटेत येते.)

पहिली गोष्ट, रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून बघायचं. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं हवं. कूलंटचा सेन्सर एकटाच भलतं काही सांगत असेल तर चोर तो आहे, वॉल नाही. आणि कूलंटच कमी असेल, सेन्सर हवेच्या फुग्यात लटकत असेल, तरी आकडा खोटा येतो आणि हीटरही गार पडतो, म्हणून लेव्हल आधी बघा, पण गरम इंजिनचं झाकण उघडू नका कृपया.

मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर (जाड रबरी नळीवर) हात ठेवायचा, पंखा आणि बेल्टपासून लांब. वॉल चांगला असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका बसतो. पहिल्या मिनिटापासून इंजिनबरोबर हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडाच अडकलाय. काही इंजिनांत वॉल खालच्या बाजूला असतो, तिथे खालचा होज बघायचा.

माझ्या गाडीत ट्रॅफिकमध्ये आकडा ८० पर्यंत जायचा आणि हायवेला लागलं की ६५, घाट उतरताना ५८! वारा वाढला की तापमान पडतं, म्हणजे कूलंट सारखं रेडिएटरमधून फिरतंय, याहून स्पष्ट पुरावा नाही. कॉम्प्युटरलाही संशय येतो, इतका वेळ इतकं पेट्रोल जाळलं म्हणजे आत्तापर्यंत एवढं तापायला हवं होतं असा त्याचा हिशोब असतो, तो चुकला की पी०१२८ हा कोड टाकतो. माझ्या गाडीत तो पडून होता, पण चेक इंजिनचा दिवा लागला की मी दुर्लक्ष करणाऱ्यांपैकी.

आणि काढून टाकण्याबद्दल. वॉल नसला की पाणी रेडिएटरमधून इतकं जोरात जातं की गार व्हायला वेळच मिळत नाही, असंही काही जण सांगतात, ते पण खोटं, वेग वाढला की उष्णता जास्तच निघते. खरं कारण वेगळं आहे. बऱ्याच वॉलना खाली दुसरी चकती असते, इंजिन तापल्यावर ती बायपासची वाट बंद करते. वॉलच काढला की ती वाट कायम उघडी, काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनमध्ये. म्हणजे थंडीत गाडी गार आणि एप्रिलमध्ये घाट चढताना गरम, दोन्हीकडून मार.

शेवटी नवीन वॉल आणला आणि बसवायच्या आधी जुना-नवा दोन्ही दोऱ्याला बांधून पातेल्यात लटकवले, गॅस सुरू, शेजारी थर्मामीटर. नवीन ८३ ला हलला, ९५ ला पूर्ण उघडला. जुनाही व्यवस्थित फुगत होता! मिटताना मात्र एका बाजूला फट राहायची, वाकून बघितलं तर झडपेच्या कडेला लाल सिलिकॉनचा (सांधे गळू नयेत म्हणून लावतात त्या पेस्टचा) वाटाण्याएवढा तुकडा, मागच्या खेपेला वॉटर पंप बदलताना कोणीतरी सढळ हाताने लावलेला. मेण बिचारं निर्दोष होतं.

पातेलं आता गॅरेजमध्ये आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, वर चवीला गोड, त्यामुळे ते परत स्वयंपाकघरात येणार नाही, आणि बायको म्हणते दुसरं मिळणार नाही.