मार्क चांगले म्हणजे बाहेरगावी पोरगं आपोआप निभावतं?

‘पीयूसीला (म्हणजे बारावीला) ९० टक्के पडले की हॉस्टेलवर काळजी नाही’ हा समज कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडे वर्षानुवर्षं फिरतोय. मुलांच्या कष्टांवरच्या विश्वासातून तो आला, हे खरं. पण परीक्षा विषयाचं ज्ञान मोजते. महिन्याचे पैसे महिनाभर पुरवणं, आजारपणात डॉक्टरकडे एकट्याने जाणं, अडलं तर विचारणं हे तिथे तपासलंच जात नाही.

पडताळा घरीच घ्या. सुट्टीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मुलीला नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत) एकटीला पाठवा. कन्नड अर्ज तिनेच समजून घ्यावा, विचारून भरावा. आठवड्याचा बाजारखर्चही तिच्याच हाती द्या. कुठे अडते ते दिसेल. तेवढंच शिकवायचं, आणि माझ्या मते कॉलेज सुरू होण्याआधीच. ही कामं सरावाने येतात, कमी मार्कांच्या मुलांनाही.