कोकणातील मातीची व चिनी मातीची भांडी

कोकण किनाऱ्यावरच्या घरांत रांधण्यासाठी, साठवणीसाठी आणि धार्मिक विधींसाठी वापरली जाणारी भाजलेल्या मातीची भांडी, तसेच समुद्रमार्गे येऊन इथे रुळलेली झिलईदार चिनी मातीची भांडी. मडके, मोगा, परळ, वेळणी, रांजण आणि खापर ही पहिल्या प्रकारची, तर बरणी आणि कपबशी ही दुसऱ्या. जेवताना मात्र समोर केळीचे पान असे, नाहीतर पितळेचे ताट. माती चुलीवर चाले, पानाच्या जागी चालत नसे. याचे कारण तिच्या अंगातच आहे.

कुंभाराच्या आव्यात भांडे साधारण 1000 अंश सेल्सियसच्या आतच भाजले जाते. एवढ्या उष्णतेत माती घट्ट होते, पण वितळून एकजीव होत नाही. बारीक छिद्रे राहतात आणि पाणी, तेल, वास सारे आत मुरते. कोकणी स्वयंपाकाला हे भांडे मानवले ते आंबटामुळे. कोकम, कैरी, चिंच, बिंबली यांपैकी काहीतरी रोजच्या कालवणात असतेच, आणि असे आंबट तांब्या-पितळेत कळकते. कल्हई उडालेल्या पातेल्यातले सार टाकूनच द्यावे लागे. मातीत ती भीती नाही. तिरफळे घातलेले बांगड्याचे कालवण रात्रभर मडक्यात राहिले तर सकाळी पेजेबरोबर अधिकच लागते, आणि हे ज्याने खाल्ले आहे त्याला पटवून द्यावे लागत नाही.

नवे मडके लगेच चुलीवर चढवत नाहीत. ते दिवसभर पाण्यात बुडवून ठेवतात, मग त्यात तांदळाचे धुवण किंवा पेज मंद आचेवर उकळतात. पिठाळ पाणी छिद्रांत बसते आणि भांडे झिरपायचे थांबते. पुढे ते राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायचे. मासळीचे मडके मासळीलाच आणि दुधाचे दुधालाच, ही शिस्त धर्माच्या आधी नाकाने घालून दिलेली आहे.

धर्मानेही तेच पकडले. धातू घासून शुद्ध होतो, मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजल्यानेच, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. घरात दुसरा आवा कोण लावणार? म्हणून विटाळ झालेले मडके टाकून द्यायचे अशी रीत पडली. सुतक फिटले की जुनी मडकी बाहेर जात. ज्या भांड्यात उष्टे मुरते त्यात रोज जेवायचे कसे, हा प्रश्न इथूनच आला, आणि त्याचे उत्तर एकदा वापरून टाकायचे पान हे होते.

याच विचाराची दुसरी बाजू कोकणाने फार कठोरपणे पाहिली आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. त्यासाठी मातीच्या 108 घागरी वापरल्या गेल्या. तळ्यातून पाणी काढून त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही भरले आणि मंत्र म्हणत त्या पुन्हा तळ्यात बुडवल्या. पुढे घरोघरी चहा आला तेव्हाही अनेक ठिकाणी दलित मजुरासाठी कान तुटलेला कप वळचणीला वेगळा ठेवलेला असे. चिनी माती काचेसारखी असते, तिच्यात काही मुरत नाही. म्हणजे विटाळाला मातीचा तो आधारही इथे उरला नव्हता. तरी कप वेगळाच राहिला. भांड्यांच्या इतिहासात ही गोष्ट वगळणे खोटेपणाचे होईल.

साठवणीत मात्र मातीची छिद्रे खरोखरच नडत. मिठाचे मडके याचा उत्तम नमुना आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, ते भिंतीतून झिरपते आणि मडक्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरा फुलोरा धरतो. बोट फिरवले की त्याबरोबर खापराचा पापुद्राही निघून येतो. ही अडचण बरणीने सोडवली. बरणीची माती सुमारे 1200 अंशांवर भाजतात आणि तिच्यावर काचेसारखी झिलई चढते, त्यामुळे मीठ, तेल, आमसुलाचे आगळ यांतले काहीच तिला खात नाही. वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा पांढरट, ही बरणी कोकणात कोणाच्या पाहण्यात नाही? लोणचे भरून, वर तेलाचा थर देऊन, तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा करकचून बांधायचा आणि बरणी अंधाऱ्या खोलीत ठेवायची, हे वैशाख सरायच्या आतले काम. कन्नड आणि मल्याळममध्ये हिलाच 'भरणी' म्हणतात. उत्तरेतला 'मर्तबान' हा शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आला. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने आले, मिरी, लिंबे आणि आंबे मिठात घालून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. गलबतावरची शिदोरीच ती.

बाहेरची भांडी या किनाऱ्यावर त्याच्याही कितीतरी आधीपासून उतरत आली आहेत. घारापुरीला रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. चौलच्या उत्खननात आणि जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत. पोर्तुगिजांच्या काळात चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमार्गे आलेल्या निळ्या-पांढऱ्या बशा गोव्याच्या जुन्या घरांतून आजही कपाटात मांडलेल्या दिसतात. 'परात' हा शब्दही पोर्तुगीज 'प्रातु'पासून आला असे मानतात. ही चिनी भांडी मोठ्या घरांची. सामान्य घरात चिनी माती बरणी आणि कपबशीच्या रूपानेच शिरली.

कोकणची तांबडी जांभ्याची माती चाकावर चढत नाही. कुंभार खाचरातली, ओहोळाकाठची चिकण माती आणतो. पावसाळ्यात आवा लागत नाही, तेव्हा अनेक कुंभार घरांत गणपती घडतात. संक्रांतीची सुगडे, नवरात्रातला घट, गोकुळाष्टमीची हंडी आणि अंत्यविधीत खांद्यावरून नेऊन फोडायचे मडके हे सारे त्याच्याच हातचे. मालवणी खापरोळीचे नावही खापरावरूनच पडले आहे, मग आता ती बिडाच्या तव्यावर का होईना.

रायगडात अलिबाग-पेण भागात थंडीत वालाला शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून वर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरतात, पाण्याचा थेंबही न घालता तोंड पाल्याने बंद करतात आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा व पालापाचोळा पेटवतात. मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्र वाजते का पाहतात. मग मडके उलथून सगळे केळीच्या पानावर ओततात आणि भोवती बसून खातात.