आकाशकंदील आणि नाताळचा स्टार: झिरमिळ्या सोडा, सांगाडा बघा

नोव्हेंबर संपत आला की आमच्या वसईत एक प्रश्न हमखास येतोच, दिवाळीचा कंदील अजून धड आहे, झिरमिळ्या काढून टाकल्या तर नाताळला स्टार म्हणून चालेल का? आणि उलटंही होतं बरं का, दिवाळीच्या आधी बाजारात पाच टोकांची कागदी चांदणी ‘कंदील, कंदील’ म्हणून टांगलेली असते, आपण घेतो, लावतो, आणि मग डिसेंबरात तीच चांदणी शेजारच्या ख्रिस्ती घराबाहेर दिसली की पोरं विचारतात, यांनी आपला कंदील का लावलाय? टांगायला काय, काहीही टांगा, कोणी दंड करत नाही. पण घरी बनवायला बसलात ना, की पहिल्या दहा मिनिटांत कळतं की ह्या दोन साफ वेगळ्या वस्तू आहेत, कामट्या (म्हणजे बांबूच्या बारीक पट्ट्या) वेगळ्या, बांधणी वेगळी, बल्ब घालायची जागा सुद्धा वेगळी.

मी हे अनुभवाने सांगतोय. कंदील लहानपणापासून घरी बनवत आलोय, त्यामुळे शेजारच्या अंकलनी नातवंडांसाठी स्टार बनवायला बोलावलं तेव्हा मी फुल कॉन्फिडन्समध्ये कंदिलाच्या मापाच्या वीत-वीतभर कामट्या कापून घेऊन गेलो. झाली चांदणी ताटलीएवढी, आणि ती पण चपटी, आत बल्ब सोडा काडेपेटी पण जाईना. आजीबाई हसून लोटपोट.

तर आधी आपला पारंपरिक कंदील घेऊ, कारण त्यातली गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. दिसायला तो भयंकर गुंतागुंतीचा वाटतो, इतके चौकोन, इतके त्रिकोण, पण मुळात तो फक्त सहा चौकोनांचा खेळ आहे. एकसारख्या २४ कामट्या घ्यायच्या, समजा २० सेंटिमीटरच्या, चार-चार बांधून सहा चौकोन करायचे. त्यातले चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे धरायचे आणि शेजारच्याच्या कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पूर्ण करायचा. आता वर चार टोकं मोकळी राहतात आणि खाली चार. पाचवा चौकोन वर आडवा ठेवून त्याचे चार कोपरे त्या चार टोकांना बांधायचे, सहावा खाली तसाच. झाला सांगाडा! त्रिकोण तुम्ही बनवतच नाही, चौकोनांच्या मधे जी जागा उरते तेच आठ त्रिकोण, आपोआप येतात. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला उगाच फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं.

२० सेंटिमीटरच्या कामटीचा कंदील साधारण २८ सेंटिमीटर उंच होतो आणि मधे जिथे सगळ्यात रुंद असतो तिथे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० भरतो, म्हणजे फ्लॅटच्या बाल्कनीला बरोबर. मोठा हवा असेल तर कामटीच मोठी घ्या, बाकी हिशोब तोच.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही आणि मग सांगाडा हातात आला की लोक घाबरतात. तो पिळवटतो. उचलला की एका बाजूला झुकतो, दाबला तर चक्क बसतो. तुमच्या गाठी सैल आहेत म्हणून नाही, चौकोनाचा स्वभावच तसा, त्रिकोण घट्ट राहतो आणि चौकोन कलंडतो. उपाय सोपा आहे, प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी कामटी द्यायची, २० च्या चौकोनाला ती २८ ची लागते. वरच्या चौकोनातली तिरपी कामटी तर द्याच द्या कारण होल्डरची वायर तिलाच बांधायचीय. खालची नाही दिली तरी चालतं, कागद लागून वाळला की त्याच्या ताणाने पण सांगाडा बराच सरळ होतो.

कागद लावायचे ते बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण, वर आणि खाली उघडं. वर उघडं कारण बल्बची गरमी जायला वाट हवी, खाली उघडं कारण उजेड अंगणात पडायला हवा. पतंगी कागद प्रत्येक बाजूने एक-एक सेंटिमीटर जास्त कापायचा आणि तो काठ कामटीवरून वळवून चिकटवायचा. चिकटवायला मैद्याची पातळ खळ. फेविकॉल जाड लागला तर कागदाला सुरकुत्या पडतात आणि आत दिवा लागला की ते डाग स्पष्ट दिसतात, दिवसा काही कळत नाही हो. खळीत पूर्वी मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून, पण ते विषारी असतं, पोरं बरोबर बसणार असतील तर ती भानगड नकोच, खळ रोज ताजी शिजवा. मग जोडांवरून सोनेरी कागदाच्या पट्ट्या, खाली झिरमिळ्या, आणि रंग चौकोनांना एक आणि त्रिकोणांना दुसरा दिलात तर रात्री तो जो काय दिसतो!

आता स्टार. इथे लांब कामट्या लागतात, आणि मी नेमका तिथेच फसलो होतो. ६० सेंटिमीटरच्या दहा, आणि साधारण १२ सेंटिमीटरचे पाच छोटे तुकडे. पाच लांब कामट्यांची एक चांदणी, शाळेत पेन्सिल न उचलता काढायचो ना तशीच, अशा दोन चांदण्या करायच्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात कारण अंदाजाने बांधलं की एक हात जाडा आणि एक बारीक असं होतं. सोपी युक्ती अशी की प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करून ठेवा, मधे १४ उरतात, कामट्या एकमेकींना त्या खुणांवरच ओलांडल्या पाहिजेत. खुणा जुळल्या की चांदणी झक्कास येते, कोनमापक वगैरे काही लागत नाही. कामट्या एक वरून एक खालून अशा विणत गेलात तर गाठी पण कमी लागतात.

मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवायच्या आणि फक्त पाच टोकं बांधायची. फक्त टोकं! मधे काही बांधायचं नाही, कारण आता आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांवर दोन चांदण्यांच्या मधे ते १२ चे तुकडे उभे अडकवायचे. तेवढ्याने कामट्या वाकतात, चांदणी मधे फुगते आणि टोकांकडे निमुळती होते. ताटलीएवढ्या त्या पहिल्या स्टारला मी हे तुकडेच दिले नव्हते, म्हणून तो चपटा. ओली कामटी असेल तर नीट वाकते, वाळकी असेल तर कडकन मोडते, तेव्हा बांधायच्या आधी तासभर पाण्यात टाकून ठेवा.

कागदाचं काम स्टारला जास्त किचकट. पुढे मधला पंचकोन आणि पाच टोकं असे सहा तुकडे, मागे तसेच सहा, आणि कडेला दहा चिंचोळ्या पट्ट्या. मागचा पंचकोन एका बाजूनेच चिकटवायचा, झाकणासारखा, बल्ब तिथून आत जातो. कंदिलासारखं वरून काही सोडता येत नाही कारण वर टोक आहे. आणि सगळीकडून बंद असल्यामुळे गरमी आतच राहते, म्हणून स्टारमध्ये जुना पिवळा ४०-६० वॉटचा बल्ब अजिबात नको, छोटा एलईडी लावा. कंदिलात पण एलईडीच बरा, पण तिथे वर-खाली उघडं असतं म्हणून थोडं निभावतं, इथे नाही.

दोघांतला खरा फरक मला विचाराल तर हा आहे: कंदिलाला तोंड नाही आणि स्टारला तोंड आहे. कंदील कुठूनही बघा, तोच दिसतो, वाऱ्याने गरगर फिरला तरी काही बिघडत नाही, उलट छान वाटतं. स्टार फिरला की संपलं, बाजूने तो नुसती एक पट्टी दिसतो. म्हणून कंदील एका दोरीवर मोकळा सोडायचा आणि स्टार दोन ठिकाणी बांधून त्याचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं. आमच्याकडे बऱ्याच घरांत स्टार पोर्चच्या भिंतीलाच टेकवतात, कंदील असा भिंतीला टेकवलेला मी तरी बघितला नाही. झिरमिळ्यांचंही तेच. कंदिलाच्या खाली त्या सगळ्या बाजूंनी सारख्या, वारा आला की सळसळतात. स्टारला शेपूट द्यायचं असेल तर एका बाजूला, धूमकेतूसारखं, नाहीतर फिलिपिन्सच्या पारोलसारख्या खालच्या दोन टोकांना दोन शेपट्या. पारोल म्हणजे तिथला नाताळचा बांबूचा स्टार, त्याची बांधणी पण हीच, दहा कामट्या आणि मधे पाच तुकडे. समुद्रापार कुठे कोणी तेच बांधतंय, आणि शेजारच्या घरातली वस्तू मला इतकी वर्षं येत नव्हती.

लावायच्या मागचं कारणही वेगळं आहे आणि त्यावरून लावायचे दिवस ठरतात. आकाशकंदील हा मूळचा आकाशदीप, कार्तिकात उंच काठीवर लावायचा दिवा, पितरांना वाट दिसावी म्हणून लावतात असं मानतात. म्हणून तो उंच लागतो, आणि वसुबारसेच्या आसपास चढला की तुळशीच्या लग्नापर्यंत, काही घरांत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरत नाही. स्टार म्हणजे बेथलेहेमचा तारा, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक ज्याच्या मागे मागे बाळ येशूपर्यंत गेले तो. गोव्यात कोंकणीत त्याला नखेत्र म्हणतात. तो वाट दाखवणारा तारा, म्हणून घरात येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा, मांडला असेल तर त्याच्यावर एक छोटा आणि घराबाहेर एक मोठा असं असतं, आणि तो २५ डिसेंबरला उतरत नाही, ६ जानेवारीला तीन राजांचा, म्हणजे त्याच ज्ञानी लोकांचा, सण होईपर्यंत राहतो. गोव्यात रेइश मागूश, चांदोर आणि कासावलीला हा सण मोठा असतो. लोक २६ तारखेला विचारतात ना, अजून स्टार का काढला नाही? म्हणून नाही काढला.

अजून एक घोळ. सहा टोकांचा स्टार, दोन त्रिकोण एकमेकांवर ठेवून केलेला, बनवायला पाच टोकांच्यापेक्षा सोपा कारण तीन कामट्यांचा त्रिकोण चुकायला जागाच नसते. लहान मुलांबरोबर पहिल्यांदा करत असाल तर खुशाल तोच करा, दोन चांदण्यांना मिळून १२ कामट्या आणि मधे सहा तुकडे. फक्त तो ज्यूंच्या ताऱ्यासारखा दिसतो म्हणून काही जणांना नाताळला पटत नाही, ते आधी विचारून घ्या. पाच टोकांचा कोणालाच खटकत नाही.

आणि हल्ली ऑनलाइन तो चारी बाजूंनी काटे असलेला गोल स्टार दिसतो, साळिंदरासारखा, तो तिसराच. जर्मनीतल्या मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा, १९ व्या शतकात तिथल्या निएस्की गावच्या शाळेत भूमिती शिकवायला केलेला, हर्नहुट गावाच्या नावाने विकतात. त्याचे काटे मनातल्या मनात काढून बघा, आत राहतो तो १८ चौकोन आणि ८ त्रिकोणांचा गोळा, म्हणजे आपल्या कंदिलाचाच जरा खाऊन-पिऊन सुखी भाऊ. एक चौकोन वायरसाठी सोडतात, उरलेल्या २५ वर २५ टोकं. घरी करायच्या भानगडीत मी पडलो नाही, टोकं चिकटवता चिकटवता ईस्टर येईल.

हवेचा फरक पण धरा. दिवाळीत कोकणपट्टीत परतीचा पाऊस कधी टपकेल सांगता येत नाही, पतंगी कागदाचा रंग ओला झाला की उतरतो आणि खालच्या पांढऱ्या भिंतीवर गुलाबी ओघळ येतात, मग घरमालक आणि आपण. तेव्हा कंदील छपराखालीच. डिसेंबरात पाऊस नसतो पण दव असतं, सकाळी स्टारचा कागद मऊ पडलेला असतो आणि खळीचे जोड सुटतात, म्हणून स्टारला मी जिलेटिन नाहीतर बटर पेपर वापरतो आणि खळीऐवजी फेविकॉलचं पातळ बोट. जिलेटिन चमकतो भारी पण उजेड पसरवत नाही, आतला बल्ब उघडा दिसतो, म्हणून आतून पांढऱ्या बटर पेपरचा एक थर. कंदिलाला जिलेटिन लावला तर तो मिठाईच्या खोक्यासारखा दिसतो, माझं मत.

तर झिरमिळ्या काढलेल्या कंदिलाचं काय? तो स्टार होत नाही, त्याला टोकंच नाहीत. वायर, होल्डर, बल्ब पुन्हा वापरा, २८ च्या तिरप्या कामट्या कापून स्टारच्या मधले १२ चे तुकडे निघतात, एका कामटीतून दोन, पाच तिरप्या असतील तर दहा, म्हणजे दोन स्टारचं काम झालं. मागच्या वर्षी आमचा सोललेला कंदील अंकलनी पूर्ण मागून घेतला आणि गोठ्यात उलटा ठेवला, वरून गवत टाकलं, पोरांनी त्यात मेंढ्या बसवल्या. सहा मेंढ्या मावल्या.